आधी आम्ल मोजा, टक्के नंतर

२० आणि ५० टक्क्यांची आम्लद्रावणं मिसळून ३० टक्क्यांचं ३० लिटर द्रावण करायचं, या गणितात एकाने २० आणि ५० ची सरळ सरासरी काढली, ३५ टक्के आले आणि घोडं तिथेच अडलं. दोन्ही द्रावणं सारखी घेतली तरच ती सरासरी चालेल. समीकरण नेहमी शुद्ध आम्लाच्या लिटरांचं मांडा.

पहिलं क्ष लिटर, तर दुसरं (३० − क्ष):
०.२क्ष + ०.५(३० − क्ष) = ९
यातून क्ष = २०. ताळा: ४ + ५ = ९ लिटर आम्ल.

तिरकस वजाबाकीची युक्ती (प्रत्येकाचा हव्या टक्क्यांशी फरक काढून तो दुसऱ्याच्या वाट्याला लावायचा) पहिलं : दुसरं = (५० − ३०) : (३० − २०) = २ : १ हेच झटकन देते. पण ती का चालते हे याच समीकरणातून कळतं, म्हणून आधी समीकरणच शिकवावं असं मला ठाम वाटतं.

खरी गोची अदलाबदलीत. २५ टक्क्यांच्या ४० लिटरमधून काही काढून तेवढंच शुद्ध आम्ल घालायचं, ४० टक्के करायचे. काढलेल्या क्ष लिटरबरोबर ०.२५क्ष आम्लही जातं, नेमकं हेच निसटतं:
१० − ०.२५क्ष + क्ष = १६, म्हणून क्ष = ८.

(प्रत्यक्षात अल्कोहोल-पाणी मिसळल्यावर आकारमान बेरजेपेक्षा थोडं कमी भरतं, गणितात ते सोडून देतात.)