‘गुंगी म्हणजे भित्र्यांचं खूळ’ म्हणणाऱ्या काकांना उत्तर

साळगावची सून
आज दुपारी म्हापशेकर काकांची पोस्ट वाचली आणि डोकं फिरलं. ती अशी: ‘सकाळी एंडोस्कोपी केली. घशात सुन्न करायचा स्प्रे, दोन मिनिटांत खेळ खलास. स्कूटरने घरी, जेवायला बांगड्याचं हुमण. गुंगीचं इंजेक्शन म्हणजे भित्र्यांचं खूळ आणि बिल फुगवायचा धंदा.’

काका, मी १२ वर्षं एंडोस्कोपी रूममध्ये नर्स आहे. पोटाच्या दुर्बिणीला पुष्कळांचं स्प्रेवर भागतं, कबूल. पण कोलोनोस्कोपीवाल्याला, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बीण करणाऱ्याला, किंवा नळी बघूनच ज्याला उमासे येतात त्याला भित्रा म्हणायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? हलकी गुंगी म्हणजे ऑपरेशनची भूल नव्हे. हाक मारली की पेशंट ओ देतो, कूस बदल म्हटलं की बदलतो, श्वास त्याचा तोच घेतो. पण ही घसरगुंडी आहे. तेवढ्याच डोसात एक जण गप्पा मारतो, दुसरा खोल जातो. म्हणून बिलाच्या आधी हे विचारा: माझ्या श्वासावर लक्ष कोण ठेवणार? ज्याच्या हातात दुर्बीण, त्यानेच मॉनिटरही बघायचा, हे मला पटत नाही.

आणि दुर्बिणीआधी भरायच्या फॉर्मवर खरं लिहा हो! रोज दोन पेग मारणारे ‘कधीकधी’ लिहितात. मग नेहमीचा डोस पुरत नाही, माणूस टेबलावर हातपाय झाडतो, डोस वाढवावा लागतो. रोजची झोपेची गोळी, झोपेत श्वास अडकणं, वजन कमी करायची आठवड्याची सुई, सगळं सांगायचं. त्या सुईमुळे पोट उशिरा रिकामं होतं. उपाशी राहूनही आत अन्न सापडतं.

म्हापशेकर काका
बाय, व्याख्यान छान. पण आमच्या वडिलांचे दात कंपाउंडरने खुर्चीत बसवून उपटले, कुठली गुंगी? मला काही झालं नाही, कळलंसुद्धा नाही. नळी कधी काढली तेही आठवत नाही. आणि तुमचा फॉर्म सगळा इंग्रजीत. खरं काय लिहिणार, कपाळ?

फोंड्याचा पाव
फॉर्मच्या भाषेचा मुद्दा रास्त आहे. पण मराठी की कोंकणी हे इथे सुरू करू नका, पाया पडतो.

डिचोलकर
माझ्या आईला गुंगी दिली होती. बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा ऑक्सिजनचा आकडा ९८ वरून ८४ वर आला. मी दाराच्या फटीतून बघत होतो. तिथल्या मुलीने हनुवटी वर उचलली, नाकाला ऑक्सिजन लावला, एका मिनिटात ठीक. ती मुलगी नसती तर? त्या दिवसापासून मीही काकांच्याच पक्षात. नको ती गुंगी.

साळगावची सून
डिचोलकर, ती मुलगी होती म्हणून तुम्ही आज इथे वाद घालताय. मी तेच सांगतेय. गुंगीच्या मिडाझोलमवर उतारा आहे, दुखणं दाबणाऱ्या फेंटानिलवर आहे. ते पांढरं दुधासारखं भुलीचं औषध, प्रोपोफोल, त्यावर उतारा नाही. म्हणून तिथे भूलतज्ज्ञ हवाच.

एकटा पर्वरीचा
हे सगळं खरं, पण ‘सोबत माणूस आणा, नाहीतर तारीख बदला’ याचं काय? एक मुलगा जहाजावर, एक लंडनला. शेजारी वारले. कुणाला नेऊ, मांजराला? मागच्या वर्षी टॅक्सी केली, तर थांबण्याचे पैसे भाड्याहून जास्त. गोव्यात टॅक्सी म्हणजे राजेशाही शौक.

पिवळी पाटी
आलं का आमच्यावर! पर्यटकांनी मोजलेले पैसे दिसतात, आमचा पावसाळा कुणी बघत नाही. चार महिने गाडी उभी, कर्जाचा हप्ता चालू.

फोंड्याचा पाव
मग मीटर का नको म्हणता? गोवा माईल्स हे टॅक्सीचं ॲप २०१८ साली आलं तेव्हापासून बोंब मारताय.

पिवळी पाटी
ॲपवाला कमिशन कापणार, तुम्ही टाळ्या वाजवणार. मीटरवर डिझेल तुमचा बाप भरणार?

एकटा पर्वरीचा
बाप काढू नका. मी फक्त हॉस्पिटलातून घरी जायचं म्हणत होतो.

डिचोलकर
तुम्हाला टॅक्सी तरी मिळते. आमच्याकडे संध्याकाळनंतर कदंबाची बसही नाही.

साळगावची सून
धागा कुठे गेला! आणि नुसता टॅक्सीवाला सोबत म्हणून चालत नाही, घरात रात्रभर कुणीतरी लागतं. काका, एक सांगा. नुसत्या स्प्रेने माणूस विसरत नाही. उलट, जन्मभर आठवतं. नळी काढलेली तुम्हाला आठवत नाही म्हणता? बिल बघा जरा.

म्हापशेकर काका
बघितलं. ‘इंजे. मिडाझोलम १’ असं काहीतरी आहे. हाताला सुई होती खरी, मला वाटलं सलाईन.

फोंड्याचा पाव
😂😂 भित्र्यांच्या संघात स्वागत!

साळगावची सून
आणि सोडलं कसं तुम्हाला एकट्याला? गुंगीनंतर २४ तास गाडी चालवायची नसते, महत्त्वाच्या कागदावर सही करायची नसते. डोकं जागं वाटतं, पण हात आणि अंदाज मागे असतात. निव्वळ स्प्रेवाल्याने खुशाल स्कूटर चालवावी, घसा सुन्न आहे तोवर खाऊ-पिऊ नये, एवढंच.

म्हापशेकर काका
जावई खाली गाडीत बसलाय, असं सांगितलं. जावई मस्कतला असतो. बरं, चुकलं. पण बिल फुगवतात यावर मी ठाम आहे. मला न विचारता इंजेक्शन दिलं, हे तरी गैर की नाही?

साळगावची सून
विचारलं नसेल तर शंभर टक्के गैर. विचारलं असेल आणि तुम्ही विसरला असाल, तर मात्र तुम्हीच सांगा.

एकटा पर्वरीचा
परवा ९ वाजता माझी कोलोनोस्कोपी आहे, म्हणून विचारतो. पेज चालते का आदल्या दिवशी? आणि चहा?

साळगावची सून
पेज नाही, दूध नाही. पाणी, कोरा चहा, गाळलेला रस, तोही लाल रंगाचा नको. शेवटचे काही तास तेही बंद, वेळ तुमच्या हॉस्पिटलला विचारा. बीपीची गोळी, साखरेची, रक्त पातळ करायची, प्रत्येकीचं वेगळं असतं. स्वतःच्या मनाने काही बंद करू नका.

म्हापशेकर काका
पर्वरीकर, मी येतो न्यायला. रात्री थांबेन. कारने येईन, स्कूटरने नव्हे.

पिवळी पाटी
काका, तुमचे २४ तास झाले का?