मदत हवी आहे: मुलगा अठराचा होतोय, पुढे कोणाकडे जायचं?

मुलाला ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू कमजोर होत जाणारा आजार) आहे, वय १७. पाचव्या वर्षापासून एकाच बालरोग विभागात दाखवतोय. आता सांगतात, १८ झाले की मोठ्यांच्या विभागात. तिथे हृदयाचे डॉक्टर वेगळे, फुप्फुसांचे वेगळे, मणक्याचे तिसरेच. सगळं एकत्र बघणार कोण?

खरी धास्ती इमर्जन्सीची. त्याला रात्री बायपॅप (मास्कमधून श्वासाला मदत करणारं मशीन) लागतो, स्टेरॉइड चालू आहे. नवख्या डॉक्टरांनी बायपॅपशिवाय नुसता ऑक्सिजन लावला, स्टेरॉइड एकदम थांबवलं किंवा भूल देताना सक्सिनिलकोलिन (स्नायू सैल करणारं औषध, या आजारात धोक्याचं) वापरलं तर? इमर्जन्सीत दाखवायला आजाराचा एका पानाचा सारांश कुणी बनवून घेतलाय का? त्यात काय काय लिहिलंत?

आणि हो, तो म्हणतो, "आई, डॉक्टरांशी मी बोलेन, तू बाहेर थांब." बरोबरच आहे त्याचं, पण माझा पाय निघत नाही. तुम्ही ही सवय कधीपासून लावलीत?