मूळ सीडी नाही आणि कॉम्प्युटरमध्ये नवे पार्ट बसवायचेत: तुमचे अनुभव लिहा

घरच्या कॉम्प्युटरला एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी लागणारी वेगवान डिस्क) किंवा नवा मदरबोर्ड (सगळे पार्ट जोडणारा मुख्य बोर्ड) बसवायचा ठरला की विंडोजच्या सीडीची शोधाशोध सुरू होते. ती एकतर सोबत आलेलीच नसते, नाहीतर कधीच हरवलेली असते. माझं ठाम मत असं की सीडी नसली तरी फारसं बिघडत नाही, लायसन्स कुठे आहे हे माहीत नसलं की बिघडतं. विंडोज १० किंवा ११ मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरवून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर घेता येतं. लायसन्स असं उतरवून घेता येत नाही. म्हणून लिहिताना एवढं नक्की सांगा: स्क्रू काढायच्या आधी काय तपासलंत, काय बदललंत आणि गाडी कुठे अडली.

सुरुवात मी करते. लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली. विंडोज ८ पासून कंपनीकडून विंडोजसह आलेल्या मशीनची प्रॉडक्ट की, म्हणजे लायसन्सचा कोड, बहुतेक वेळा मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्ये (बोर्डात कायम असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) साठवलेली असते. त्यामुळे इन्स्टॉल करताना की विचारलीच नाही, एडिशनही (होम, प्रो वगैरे) त्याने स्वतःच निवडली. वायफायचा ड्रायव्हर (तो पार्ट चालवणारं सॉफ्टवेअर) मात्र आधीच वेगळा उतरवून ठेवला होता, आणि तो लागलाच. नाहीतर ड्रायव्हर नाही म्हणून इंटरनेट नाही, आणि इंटरनेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही! जुनी डिस्क रिकव्हरी पार्टिशनसकट (विंडोज परत टाकण्यासाठी कंपनीने ठेवलेल्या भागासकट) तशीच कपाटात ठेवली आहे.

* * *

माझा डेस्कटॉप विंडोज ७ चा, म्हणजे प्रॉडक्ट की कॅबिनेटवरच्या स्टिकरवर. २५ अक्षरं, अर्धी पुसलेली. टॉर्च तिरका धरून फोटो काढले आणि मोठे करून वाचले. हा ८ आहे का बी, ६ आहे का जी, यातच वेळ गेला. त्यातल्या त्यात बरं म्हणजे या कीमध्ये शून्य आणि ओ दोन्ही वापरत नाहीत.

की दाखवणारं एक छोटं सॉफ्टवेअरही चालवून पाहिलं, तर त्याने भलतीच की दाखवली. कंपन्या एकच सामायिक की वापरून ढीगभर मशीनवर विंडोज टाकतात, ती होती ही. नव्याने इन्स्टॉल करताना कामी येते ती स्टिकरवरची. तेव्हा स्टिकर वाचता येतोय तोवर फोटो काढून ठेवा, हे अगदी कळकळीने सांगतो.

दुसरी अडचण बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) आली. एसएसडीसाठी डिस्कशी बोलण्याचा मोड जुन्या आयडीईवरून नव्या एएचसीआयवर केला आणि बूट होताना निळा स्क्रीन, शेवटी ७बी असलेला कोड. डिस्क ठणठणीत होती. विंडोज आयडीई मोडमध्ये टाकलेलं असल्याने सुरुवातीलाच लागणारा एएचसीआयचा ड्रायव्हर बंद होता. मोड परत आयडीई केला, रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जमध्ये) तो ड्रायव्हर चालू केला, मग पुन्हा एएचसीआय. नव्याने काही टाकावं लागलं नाही.

* * *

रॅम वाढवणाऱ्यांसाठी थोडक्यात. ८ जीबी बसवली तरी वापरता येणारी रॅम सव्वातीनच्या आसपास दिसत होती. कारण विंडोज ३२ बिट होतं, त्याला याहून जास्त वापरता येत नव्हती. ३२ वरून ६४ बिटला जाताना सगळं नव्यानेच टाकावं लागतं, पण की तीच चालते.

* * *

मी मदरबोर्डच बदलला. विंडोज १० ला हे नवंच मशीन वाटतं आणि अॅक्टिव्हेशन (लायसन्स खरं असल्याची खात्री) जातं. जुना बोर्ड चालू असतानाच लायसन्स मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडून घेतलं होतं; २०१६ च्या १६०७ आवृत्तीपासून ही सोय आहे. नव्या बोर्डवर अॅक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटरमध्ये (अडचण सोडवणाऱ्या टूलमध्ये) 'नुकतंच हार्डवेअर बदललं' हा पर्याय निवडला, यादीतून आपलं मशीन निवडलं आणि काम झालं. माझं लायसन्स सुटं विकत घेतलेलं होतं. मशीनसोबत आलेलं लायसन्स त्या बोर्डशी बांधलेलं असतं, ते असं हलवता येईल हे गृहीत धरू नका.

* * *

बिटलॉकरचं, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणाऱ्या विंडोजच्या सोयीचं, कोणीच लिहिलं नाही, आणि मला तर तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लायसन्स गेलं तर पैसे जातील, या कुलपाची रिकव्हरी की गेली तर फोटो आणि कागदपत्रं जातील. नव्या मशीनवर एन्क्रिप्शन आपण चालू न करताही चालू असू शकतं. मला प्रोसेसर बदलायचा होता आणि टीपीएम, म्हणजे या कुलपाची किल्ली सांभाळणारा भाग, त्या प्रोसेसरमध्येच होता. आधी ४८ अंकी रिकव्हरी की, सहा-सहा अंकांचे आठ गट, कागदावर उतरवली. मग ती अकाउंटमधल्या कीशी एकेक गट करून आईकडून ताडून घेतली. त्यानंतर बिटलॉकर सस्पेंड केलं (तात्पुरतं थांबवलं) आणि मगच मशीन बंद करून कॅबिनेट उघडलं.

* * *

लिनक्सवाल्यांना यातलं बरंचसं लागत नाही. मी डिस्क काढून सरळ दुसऱ्या मशीनला लावली आणि ती बूट झाली. ग्राफिक्सचा ड्रायव्हर तेवढा बदलावा लागला.

* * *

मदरबोर्ड बदलणाऱ्यांसाठी आणखी एक. माझी जुनी डिस्क एमबीआर या जुन्या विभागणीच्या पद्धतीची होती आणि नवा बोर्ड फक्त यूईएफआयने (बायोसच्या नव्या रूपाने) बूट होणारा, त्यावर विंडोजला जीपीटी ही नवी पद्धत लागते. विंडोज १० मध्ये १७०३ आवृत्तीपासून एकातून दुसऱ्यात रूपांतर करणारं 'एमबीआर२जीपीटी' हे टूल आतच येतं. बॅकअप घेऊन, जुन्या बोर्डवर असतानाच आधी नुसती तपासणी चालवली, मग रूपांतर. डेटा जागच्या जागी राहिला. एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असताना हे कोणी केलंय का? भावाच्या मशीनवर तसं आहे, आणि त्याचा बोर्ड बदलायचाय.