केन्सच्या आधीची कलाटणी

अभिजात अर्थशास्त्र, म्हणजे स्मिथ, रिकार्डो, मिल या जुन्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञांची परंपरा, १९३६ मध्ये अर्थतज्ज्ञ केन्सने मोडीत काढली, असं म्हटलं जातं. मला हे अर्धंच पटलं. मूल्याच्या प्रश्नावर तरी ती इमारत त्याच्या साठ-पासष्ट वर्षं आधीच हलली होती.

रिकार्डोच्या मते वस्तूचं मूल्य मुख्यतः तिच्यावर खर्ची पडलेल्या श्रमातून येतं. मिलने तर १८४८ मध्ये लिहून टाकलं की मूल्याच्या नियमांत आता उलगडण्यासारखं काही उरलेलंच नाही! आणि १८७१ मध्ये इंग्लंडात जेव्हन्स, व्हिएन्नात मेंगर, मग १८७४ मध्ये स्वित्झर्लंडात लोझानला वालरास. तिघांनी आपापल्या वाटेने एकच मुद्दा गाठला: मूल्य शेवटच्या नगाच्या उपयोगावर ठरतं. भूक लागलेली असताना पहिला वडापाव अमृत, चौथा कुणी फुकट दिला तरी नको. करणाऱ्याचे कष्ट मात्र चारही वड्यांना सारखेच. (बारावीला घोकलेला 'घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत' तो हाच.) पाणी स्वस्त आणि हिरा महाग का, हे स्मिथने मांडलेलं कोडंही इथेच सुटतं: पाणी मुबलक, म्हणून त्याच्या शेवटच्या घोटाचा उपयोग नगण्य; हिरे मोजकेच, म्हणून शेवटचा हिराही मोलाचा.

वाईट वाटतं ते गोसेन या जर्मन लेखकाचं. त्याने हे १८५४ मध्येच छापलं होतं. पुस्तक खपेना, तेव्हा उरलेल्या प्रती बिचाऱ्याने परत मागवल्या.