लांब धावेत पोटात मुरडा : जिवाणू वाढवायचे की पोट हलकं ठेवायचं?

पहाट_इंदूर
हाफ मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या गटासाठी विचारतोय. रविवारी १२-१३ किलोमीटरनंतर तिघाचौघांच्या पोटात मुरडा येतो. आदल्या रात्री मटकीची उसळ, कोशिंबीर आणि वर इसबगोल असतं, कारण ‘आतड्यातले जिवाणू वाढले की दम वाढतो’ असं सगळ्यांनी ऐकलंय. प्रोबायोटिक (जिवंत, उपयोगी जिवाणूंची) कॅप्सूल सुरू करावी का?

जवस_ज्वारी
दादा, ऐकलंय त्यात तथ्य आहे, पण ते काम एका रात्रीत होत नाही. २०१४ मध्ये आयर्लंडच्या रग्बी खेळाडूंच्या आतड्यात जिवाणूंचे प्रकार इतरांपेक्षा जास्त आढळले. मात्र त्यांचं खाणंही वेगळं होतं, प्रथिनं भरपूर. म्हणून २०१८ चा प्रयोग मला जास्त मोलाचा वाटतो. त्यात आहार न बदलता बैठ्या लोकांना ६ आठवडे, आठवड्यातून ३ दिवस व्यायाम दिला. सडपातळ लोकांमध्ये ब्यूटिरेट बनवणारे जिवाणू वाढले. ब्यूटिरेट म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराचं मुख्य इंधन. पुढचे ६ आठवडे व्यायाम बंद ठेवला, तर बदल बहुतेक ओसरला.

२०१९ मध्ये बोस्टन मॅरेथॉनच्या धावपटूंमध्ये व्हेलोनेला हा जिवाणू शर्यतीनंतर वाढलेला दिसला. तो लॅक्टेट (जोरात धावताना स्नायूंत तयार होणारं रसायन) खाऊन प्रोपिओनेट हे छोटं मेदाम्ल बनवतो. उंदरांना दिल्यावर ते सुमारे १३ टक्के जास्त वेळ धावले. पण ते उंदीर होते. त्या भरवशावर कॅप्सूल घेऊ नका.

उसळ, भाकरी, जवस सोमवार ते शुक्रवार खा, आणि प्रमाण हळूहळू वाढवा. एकदम वाढवलं की गॅस होणारच.

लांब_पल्ला
मुरड्याचं कारण वेगळं आहे. जोरात धावताना रक्त पायांकडे आणि त्वचेकडे वळतं, आतड्याचा पुरवठा खूप घटतो. तेव्हा आत मटकीचा चोथा आणि फुगलेलं इसबगोल असेल तर ते आंबतं, ओढ बसते. उन्हात आणि पाणी कमी पडलं तर आणखी वाईट.

शनिवारी दुपारपासून कांदा, लसूण, चणे, कच्ची कोशिंबीर बंद. रात्री सालीशिवाय मुगाची मऊ खिचडी किंवा दहीभात. पहाटे निघण्याआधी तासभर एक केळं.

धावताना ५०० मिली पाण्यात ३० ग्रॅम साखर (चहाचे सपाट ७ चमचे) आणि चमच्याच्या आठव्या भागाइतकं मीठ घाला. दर १५ मिनिटांनी चार-पाच घोट, म्हणजे ही बाटली तासाला पुरते. साखर याहून दाट केली की जठर रिकामं व्हायला वेळ लागतो आणि पाणी पोटात डचमळतं. एकदम अर्धी बाटली रिचवली तरी तेच. आतड्यालाही सराव लागतो, त्यामुळे शर्यतीआधी निदान चार रविवार हेच पेय वापरा. त्या दिवशी नवीन काही नको.

धावण्याआधी आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी घेणारं कोणी असेल तर आधी ते थांबवा, त्याने आतड्याच्या अस्तराला इजा वाढते.

पहाट_इंदूर
धाव संपल्यावर गट थेट पोह्यांवर जातो. ते चालेल?

लांब_पल्ला
पोहे चालतात, जलेबीही. जिरावन (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) आणि शेव मात्र पोट शांत झाल्यावर, तासाभराने. आणि शौचात रक्त दिसलं तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुढची धाव नको.

जवस_ज्वारी
ताक जेवणासोबत रोज घ्या. त्यातले जिवाणू मुक्कामाला राहत नाहीत, म्हणून एक दिवस लोटाभर पिण्यापेक्षा रोज वाटीभर बरं.