मदत हवी आहे : परभणीतून वर्षाला अठरा-वीस हजार किलोमीटर. हायब्रिड, डिझेल की पेट्रोल?

दुधनाकाठ

नमस्कार मंडळी,

घरची डिझेल गाडी आता थकली. २०१४ चं मॉडेल, इंजिन तेच १३०० सीसीचं, जे त्या काळात मारुतीपासून टाटापर्यंत सगळ्यांच्या गाड्यांत असायचं. इतकी वर्षं रस्त्यात कधी दगा दिला नाही. पण आता क्लच, टर्बो, सस्पेन्शन सगळ्यांनी एकदमच डोकं वर काढलंय. फिटर म्हणतो, "मालक, आता हिच्यावर पैसे घालू नका." पाडव्याच्या आत नवी घ्यायची आहे.

वापर सांगतो. बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम असं फिरणं चालूच असतं. मुलगी संभाजीनगरला शिकते, म्हणून महिन्यातून एक-दोनदा जिंतूर-मंठा-जालना मार्गे तिकडे. बाकी परभणीतल्या परभणीत मोंढा, स्टेशन, बँक. ढोबळमानाने दोन भाग रस्ता, एक भाग शहर. आईचे गुडघे दुखतात, म्हणून बसायला उंच गाडी हवी.

शोरूममधून आलेले मायलेजचे आकडे असे. क्रेटा पेट्रोल मॅन्युअल १७.४, तीच डिझेल मॅन्युअल २१.८, आणि ग्रँड विटारा किंवा हायरायडर स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली, ब्रेक दाबला की बॅटरी भरणारी) २७.९७. मला मिळालेल्या कोटेशनप्रमाणे ऑन-रोड किमतीत डिझेल पेट्रोलपेक्षा पावणेदोन लाखाने वर आणि हायब्रिड पावणेचार लाखाने वर जाते.

आमच्या परभणीचं पेट्रोल किती महाग ते तर तुम्हाला माहीतच आहे. मनमाडच्या डेपोतून टँकर येतो, वाहतूक खर्च चढतो, आणि देशात दर वाढले की टीव्हीवाले पहिला कॅमेरा आमच्या पंपावर लावतात. त्यामुळे घरात सगळे "हायब्रिडच घ्या" म्हणतायत. मेव्हणे म्हणतात, डिझेल आता बंदच होणार आहे. माझं मन मात्र डिझेलकडे ओढतंय, वीस वर्षांची सवय. २७.९७ हा आकडा आपल्याकडच्या रस्त्यावर, मे महिन्यात, एसी लावून कितीवर येतो? ज्यांनी वापरली आहे त्यांनी सांगावं. सीएनजी सुचवू नका, डिक्कीत माल असतो.

हिशोबनीस

दादा, आधी ते तिन्ही आकडे बाजूला ठेवा. ज्या चाचणीतून ते येतात ती प्रयोगशाळेत रोलरवर होते, एसी बंद असतो आणि सबंध चाचणीत कमाल वेग ताशी ९० असतो. तीही थोडा वेळ. सरासरी वेग तर तीस-बत्तीसच्या घरात. म्हणजे ती बऱ्याच अंशी शहरी चाचणी आहे, आणि थांब-चल हे तर हायब्रिडचं घरचं मैदान. तुमचं फिरणं नेमकं उलटं आहे.

दुसरं, मायलेजपेक्षा किलोमीटरला किती रुपये ते काढा. मी उदाहरणासाठी आकडे धरतो, तुम्ही तुमचे टाका. पेट्रोल १०६, डिझेल ९३. पेट्रोल गाडी रस्त्यावर १४ आणि गावात १० देते असं धरू. डिझेल १८ आणि १४. हायब्रिड रस्त्यावर २० आणि गावात २४ (हो, हायब्रिडला गावात जास्त मिळतं, छपाईची चूक नाही). मग रस्त्यावर किलोमीटरला पेट्रोल ७.५७, डिझेल ५.१७, हायब्रिड ५.३०. गावात १०.६०, ६.६४, ४.४२.

वर्षाला १२ हजार रस्ता आणि ६ हजार गाव धरलं तर पेट्रोलला सुमारे १ लाख ५४ हजार, डिझेलला १ लाख २ हजार, हायब्रिडला ९० हजार. डिझेलचे जास्तीचे पावणेदोन लाख सव्वातीन वर्षांत सुटतात. हायब्रिडचे पावणेचार लाख सुटायला सहा वर्षं. आणि डिझेल सोडून हायब्रिड घ्यायची म्हटली, तर वर्षाला बाराएक हजार वाचवण्यासाठी आज दोन लाख जास्त मोजायचे. फिरणं वर्षाला आठ हजार असतं तर मी सरळ पेट्रोल घ्या म्हणालो असतो.

अजून एक. मायलेजचा आकडा वर जातो तसा तो फसवा होत जातो. १० ची गाडी १५ ची झाली की शंभर किलोमीटरला सव्वातीन लिटर वाचतात. २० ची २५ झाली की वाचतो फक्त एक लिटर. सेल्समन दोन्हीला "पाचनं वाढलं" असंच म्हणतो. २१.८ आणि २७.९७ मधलं अंतर डोळ्यांना जेवढं दिसतं तेवढं खिशाला लागत नाही.

बालाघाटी

अंबाजोगाईहून. माझ्या दोन गाड्या भाड्यानं चालतेत, दोन्ही डिझेल. भाऊ, मांजरसुंब्याचा घाट, गाडीत सात माणसं, वर कॅरिअरला सामान, एसी फुल. तिथं डिझेलच पायजे. हायब्रिड वाईट हाय असं म्हणत नाही मी, पण सलग ऐंशी-नव्वदनं चाललो की ती बी पेट्रोलच जाळायली ना? ब्रेकच दाबला नाही तर बॅटरी भरायची कुठून? लिटरमागं डिझेलमधी पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के ताकद जास्त असती, ते काय उगं नसतंय.

आता बरंच काही बदललंय म्हणा. पूर्वी डिझेल अन् पेट्रोलमधी लई फरक असायचा, सरकारनं २०१४ ला डिझेलचा दर खुला केला अन् ती मजा गेली. नव्या मोठ्या डिझेल गाड्यांत ॲडब्लू (धूर साफ करायचं युरियाचं पाणी) बी टाकावं लागतंय, ते संपलं की गाडी चालूच होत नाही. पण लांबच्या रस्त्याला मी तरी डिझेलच सांगंन.

मोंढ्यासमोरचं_गॅरेज

बालाघाटी भाऊंचं खरं आहे, पण अर्धं. त्यांच्या गाड्या लांब पळतात, म्हणून त्यांना डीपीएफचा (काजळीच्या फिल्टरचा) त्रास माहीत नाही.

एप्रिल २०२० पासून बीएस ६, म्हणजे धुराचा नवा कडक नियम, आला. (मारुतीनं तेव्हाच डिझेल सोडून दिलं.) तेव्हापासून डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर असतो. काजळी साठली की गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल वापरून ती जाळते. त्यासाठी इंजिन पुरेसं तापलेलं आणि गाडी सलग पंधरा-वीस मिनिटं चांगल्या वेगात हवी. घर ते दुकान, दुकान ते बँक, परत घर असं ज्यांचं चालतं त्यांचा फिल्टर अर्धवट जळतो, पुन्हा साठतो. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि माणूस घाबरून बंद करून उभी करतो. करायचं उलटं असतं, वसमत रोडला घालून एक चक्कर मारून आणायची. माझ्याकडे एक गिऱ्हाईक येतं, दिवा लागलेला असताना महिनाभर गावातच फिरवली. शेवटी फिल्टर काढून साफ करावा लागला आणि इंजिन ऑइलमध्ये डिझेल उतरलं होतं ते वेगळंच. ऑइल मोजायची काठी बुडवून बघितली तर ऑइलची पातळी खुणेच्या वर! ऑइल कधी वाढतं का?

दुधनाकाठ मालकांचं दोन भाग रस्ता असेल तर त्यांना हा त्रास व्हायचं कारण नाही.

पेट्रोल आणि हायब्रिडवाल्यांनी ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) लक्षात घ्यावं. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशच्या आसपास ऊर्जा असते. म्हणून वीस टक्के मिसळलं की मायलेज थोडं उतरणारच. नव्या गाड्या त्यासाठीच तयार केलेल्या असतात, इंजिनाची भीती नको, पण मायलेजची जुनी रिव्ह्यू वाचून अपेक्षा ठेवू नका.

लातूरकर_सर

माझ्याकडे हायब्रिड आहे, दोन उन्हाळे झाले. लातूर शहरात, शाळेच्या वेळी गांधी चौकाच्या गर्दीत, माझं मायलेज लांबच्या प्रवासापेक्षा चांगलं येतं. सुरुवातीला मलाच विश्वास बसेना. सिग्नलला इंजिन बंद, एसी चालू. कारण एसीचा कॉम्प्रेसर बेल्टवर नाही, बॅटरीवर चालतो. मे महिन्यात पेशंट घेऊन दवाखान्यासमोर थांबायचं असेल तर या एका गोष्टीचं मोल कळतं. अर्थात बॅटरी छोटी आहे, थोड्या थोड्या वेळाने इंजिन आपलं आपण लागतं आणि भरून बंद होतं.

रस्त्यावर ८०-९० ठेवलं तर वीस-बावीस देते. एकदा समृद्धीवर जालन्याहून चढलो आणि १२० ची परवानगी आहे म्हणून १२० ठेवली, तर आकडा सोळाच्या खाली घसरताना डोळ्यासमोर बघितला. ९० वरून १२० ला गेलं की वाऱ्याचा विरोध पावणेदोनपट होतो. हे डिझेललाही लागू आहे, पण हायब्रिडचं सगळं कौतुक त्या वेगात निघून जातं.

हिशोबनीस साहेबांचा हिशोब पटला, एक गोष्ट सोडून. हायब्रिड ऑटोमॅटिकच येते. तुम्ही तिची तुलना मॅन्युअल पेट्रोल आणि मॅन्युअल डिझेलशी केली आहे. क्रेटा डिझेल ऑटोमॅटिकचं छापील मायलेज १९.१ आहे, आणि किंमतही वर जाते. ते कोटेशन मागवा, मग दोन लाखांचं अंतर किती उरतं ते बघा.

बॅटरीची भीती सगळे घालतात. तिला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी आहे. आपल्या धुळीत काळजी एवढीच, की बॅटरीला हवा घेणारी मागची जाळी सामानाने झाकायची नाही आणि सर्व्हिसिंगला साफ करून घ्यायची. खरी अडचण डिक्कीची. बॅटरीमुळे ती लहान झाली आहे, आणि तुम्ही सीएनजीला त्याच कारणावरून नाही म्हणालात.

नवखा_नांदेड

इतका खल करण्यापेक्षा इलेक्ट्रिक घ्या की.

दुधनाकाठ

@नवखा : पालमच्या पुढे एखाद्या वाडीत शेतकऱ्याकडे चहा घेत बसलो असताना चार्जिंग कुठं शोधू? शिवाय आमच्याकडचं लोडशेडिंग. पुढच्या गाडीला बघू.

@लातूरकर_सर : तुम्ही बरोब्बर ठिकाणी बोट ठेवलंत. बायकोही गाडी चालवते आणि तिनं आधीच सांगून ठेवलंय, आता क्लच नको. आज डिझेल ऑटोमॅटिकचं कोटेशन आणलं. हायब्रिडपेक्षा ती जेमतेम चाळीस हजारांनी खाली आहे. त्यात महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या गाडीला पेट्रोलला १२ टक्के रोड टॅक्स आणि डिझेलला १४, हायब्रिड पेट्रोलमध्ये धरली जाते. म्हणजे हिशोबनीस साहेबांचे दोन लाख जवळजवळ वितळले. पेट्रोल ऑटोमॅटिक या दोन्हींपेक्षा दीडेक लाखाने स्वस्त आहे, पण माझ्या फिरण्याला ती बसत नाही एवढं कळलं.

मेव्हण्यांचं ते "डिझेल बंद होणार", त्याचं काय?

हिशोबनीस

दहा वर्षांनी डिझेल बंद हा नियम निघाला होता तो दिल्ली आणि आसपासच्या पट्ट्यापुरता. आपल्याकडे पंधरा वर्षं झाली की फिटनेस दाखवून नोंदणी वाढवून घेता येते. २०२३ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाच्या समितीनं दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांतून २०२७ पर्यंत डिझेल चारचाकी काढाव्यात अशी शिफारस केली होती, मेव्हण्यांनी बहुतेक ते वाचलंय. ती शिफारस आहे, कायदा नाही. मात्र ती उद्या कुणी उचललीच तर संभाजीनगर त्या यादीत बसतं आणि तुमची मुलगी तिथं आहे. विकताना भाव पाडायला गिऱ्हाईकाला एवढं पुरतं.

चाळीस हजारांचाच फरक असेल तर माझं उत्तर बदललं, हायब्रिड. ऑटोमॅटिकमुळे डिझेलचं मायलेजही मी धरलं त्यापेक्षा थोडं खाली येणार. वर्षाचे ते बारा हजार आता चार वर्षांच्या आतच फरक भरून काढतात.

बालाघाटी

घ्या मग. पण भाऊ, पोती कुठं टाकणार?

दुधनाकाठ

तेच विचारणार होतो. लातूरकर सर, मागचं सीट पाडून युरियाची ४५ किलोची दोन-तीन पोती बसतात का? रोज नाही, पेरणीच्या दिवसांत.

लातूरकर_सर

सीट पाडलं की बसतात, पण डिक्कीची फरशी आणि पाडलेलं सीट एका पातळीत येत नाही, खाली फळी टाका. आणि त्या दिवशी हवेची जाळी मोकळी आहे ना ते बघा. पोत्यातून सांडलेला युरिया आत गेला तर वॉरंटीवाले काय म्हणतील ते सांगायला नको. मी तुमच्या जागी असतो तर पेरणीचा माल छोट्या हत्तीनं पाठवला असता.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमभोवती घेऊ नका. जिंतूरपर्यंत न्यायची मागणी करा, दुपारी, एसी लावून, आईंना मागे बसवून. ट्रिप मीटर निघतानाच शून्य करा आणि घरी येईपर्यंत सेल्समनला हात लावू देऊ नका.

दुधनाकाठ

रविवारची वेळ घेतली. जिंतूरचं नाव काढल्यावर सेल्समनचा चेहरा पडला, पण हो म्हणाला. आकडे इथेच टाकतो. तोवर कुणी परभणी-नांदेड भागात हायब्रिडचं सर्व्हिसिंग करून घेतलं असेल, तर वर्षाचा साधारण खर्च किती आला ते सांगा.