चव घेणं थांबतं तेव्हा
या चर्चेत वर कोणीतरी लिहिलंय की आठवड्याला दोन सुट्ट्या दिल्या तर रेस्टॉरंटच्या किचनमधला बर्नआउट, म्हणजे कामाच्या ताणाने येणारा थकवा, संपेल. सुट्टी हवीच, पण तिने भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आयसीडी-११ मध्ये (आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात) बर्नआउटची तीन लक्षणं दिली: गळून जाणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून नीट काम होत नाही ही भावना. आपण सगळे पहिल्याबद्दलच बोलतोय.

इतकी वर्षं लाइनवर, म्हणजे किचनमधल्या स्वयंपाकाच्या ओळीत, काम करताना मला दुसरं लक्षण आधी दिसतं. प्रत्येक सॉस चमच्याने चाखून पाहणारा पोरगा एक दिवस न चाखताच प्लेट पासवर, म्हणजे वेटर जिथून ताटं उचलतात त्या कट्ट्यावर, सरकवतो. सुटीवरून परत आला तरी चाखत नाही. हेडशेफ त्याला निष्काळजी म्हणून सगळ्यांसमोर झापतो, आणि तो आणखी मिटतो. त्यात स्प्लिट शिफ्ट, म्हणजे दिवसाचं काम दोन तुकड्यांत: दुपारचे मधले तास ना झोपेचे, ना घरच्यांचे. रात्री सर्व्हिस संपली तरी डोक्यात ऑर्डरच्या तिकिटांचा प्रिंटर चालूच, झोप पहाटे. अशा माणसाला झापण्याआधी बाजूला घेऊन ‘झोप लागते का?’ एवढं तरी विचारा.